शाल्मलीने दार सोडलं नाही

रविवारची दुपार आहे आणि जेवण अंमळ जास्तच झालंय. शाल्मली कॉटवर आडवी होते, ती फक्त पाच मिनिटांसाठी, असं स्वतःला बजावून. पलीकडे टेबलावर कॉम्प्युटर चालूच आहे आणि त्यावर संघाची यादी उघडी आहे. संध्याकाळी ऑनलाइन खेळाचा अंतिम सामना. पाचच्या आत प्रत्येकाने आपल्या नावापुढे हत्यार लिहायचं. चौघांनी लिहिलंय, शाल्मलीची जागा रिकामी आहे.

तिचं हत्यार खरं तर ढाल. पाच-पाच जणांचे दोन संघ एकमेकांचा किल्ला घ्यायला धावतात, तेव्हा ही आपल्या किल्ल्याच्या दारात उभी राहते आणि मार खाते. चार वर्षं ती हेच करत आलीय, आणि हौसेने. पण काल उपांत्य सामन्यात एक घायाळ तिरंदाज तिच्या पुढ्यातून लंगडत पळाला आणि तिने त्याला जाऊ दिलं. सामना जिंकला, तरी कप्तान निशिकांतने किती मारले या रकान्यातलं तिच्या नावापुढचं शून्य सगळ्यांना वाचून दाखवलं. दोन पावलं टाकली असती तर मेला असता तो, म्हणे. उद्या तू धनुष्य घे, दारात प्रथमेशला उभा करू. ते शून्य सकाळपासून टोचतंय.

पंखा घरघरतो. डोळे मिटतात तशी घरघर वाढत जाते, आणि मग ती पंख्याची राहत नाही, पिठाच्या गिरणीची होते.

"आलीस व्हय," कुणीतरी म्हणतं.

आवाज ती लगेच ओळखते. विट्याचे गिरणीवाले अप्पा. तिला ढाल धरायला त्यांनीच शिकवलं. गिऱ्हाइकाचं दळण लावून ते खेळायला बसायचे आणि हेडफोनमधून निम्मं विटा गाव ऐकू यायचं. तोंड मात्र तिने कधी पाहिलं नाही. गेल्या चैत्रात ते गेले, तेव्हा त्यांच्या मुलाने त्यांच्याच खात्यावरून चार ओळी लिहिल्या होत्या, तेवढंच. आता ते समोर उभे आहेत आणि चांगलेच बुटके निघालेत. नवशिकी असताना आपण या एवढ्याशा माणसाच्या मागे लपायचो, याचं तिला हसू येतं.

ती त्यांना शून्याचं सांगते. तक्रारच करते म्हणा ना. अप्पा हूं हूं करत ऐकतात आणि दळणाचा डबा सरकवून तिला दारात जागा करून देतात.

दार गिरणीचं आहे आणि किल्ल्याचंही आहे. बाहेर रस्ता आहे, रस्त्याला दगडी तट आहे. आत डबे घेऊन बायका रांगेत उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये निशिकांत, प्रथमेश, सगळा संघ. तिच्या हातात ढाल आहे, पण करंगळीखाली कीबोर्डचं ओळखीचं बटणही लागतं. ते दाबून ठेवलं की ढाल वर राहते. समोरून दोघं येतात. घाव बसतो तसा खांदा मागे रेटला जातो. ती दातओठ खाऊन उभी राहते.

आणि मग तोच तिरंदाज लंगडत पुढ्यातून जातो. एक फटका बसला तर संपेल, इतकाच जीव उरलाय त्याच्यात. शाल्मलीचा पाय उचलला जातो. अप्पा शेजारीच आहेत, पण अडवत नाहीत, बोलत नाहीत. तटाच्या वळणाआड त्याचे दोन साथीदार दबा धरून बसलेत, हे तिला कालही माहीत होतं. त्यांचे डोळे तिच्यावर नाहीत, दारावर आहेत. ती पाय खाली टेकवते. तिरंदाज जातो. तो गेला तशी वळणाआडची दोघंही हात हलवत निघून जातात.

गिरणी थांबते. रस्ता तिच्या शाळेच्या मैदानासारखा मोकळा दिसू लागतो.

"अप्पा, तुम्ही मला थांबवलं का नाहीत?"

"मला बगायचं हुतं." ते खाली बघत राहतात. "मी एकदा गेलो हुतो, पोरी. आसाच एक लंगडा बगितला आन् दार सोडून धावलो. त्याला मारला बी. वळून बगतोय तर दार मोकळं, आन् आपली चौघं पडल्याली. तुला शिकवताना हे सांगितलं न्हाई. लाज वाटली."

शाल्मली बटण आणखी घट्ट दाबते.

"काल मी आसतो तर पुन्यांदा गेलो आसतो," अप्पा म्हणतात. "तू न्हाई गेलीस. माझ्यापरीस तू चांगली ढालवाली हाईस. आता ती करंगळी उचलू नगंस."

अभिमानाने तिचा ऊर भरून येतो. त्यांच्या पाया पडायला ती वाकणार, पण करंगळी उचलायची नाही म्हणून वाकता येत नाही. अप्पांना ते कळतं आणि ते खळखळून हसतात.

फोन वाजतो. पाचला सात मिनिटं कमी आहेत. पलीकडे निशिकांत आहे, धनुष्य लिहिलंस का म्हणून विचारतोय.

शाल्मली उठून टेबलाशी जाते आणि रिकाम्या जागेत ढाल लिहिते.

"दारात मी आहे," ती सांगते. "धनुष्य प्रथमेशला दे."

"अगं, पण पुन्हा शून्य आलं तर?"

"येऊ दे की. तुम्ही चौघं जिवंत राहा म्हणजे झालं."

निशिकांत बरं म्हणतो. फोन ठेवताना तिला डावी करंगळी बधिर झालेली जाणवते. ती उजेडात धरून बघते. पेरावर बटणाएवढा चौकोन उमटलाय, लालभडक, खूप वेळ काहीतरी दाबून धरल्यासारखा. टेबल कॉटपासून चार पावलांवर आहे, आणि फोन वाजेपर्यंत ती कॉटवरून उठलेलीच नव्हती.