मायचं बोलणं मी कापलं

"ती खुर्ची काढ," रोहितदादा म्हणाला. "तिला खाली बसव. खुर्चीवर गावाकडचं वाटत नाही."

ती म्हणजे माझी माय. पन्नाशी उलटलेली. उजवा गुडघा दोन वर्षांपासून धरलेला, मांडी घालता येत नाही. घरी आमच्याकडं दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यातली एक तिचीच. रोहितदादा म्हणजे माय ज्यांच्या मळ्यात खुरपायला जाते त्या मालकांचा मुलगा. पुण्यात शिकून परत आलेला. वयानं मायच्या निम्मा, पण माय त्यालाही मालकच म्हणायची आणि तो तिला ती म्हणायचा, कॅमेरा चालू असला की तेवढं मावशी.

मी खुर्ची काढली. कोपऱ्यातलं खताचं रिकामं पोतं झटकून अंथरलं. मायनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग भिंतीला धरून, एक पाय लांब सोडून बसली.

"पाय आत घ्यायला सांग," तो म्हणाला. मी सांगितलं.

पोतं मी अंथरलं. हे आधीच सांगून टाकते. पुढं रोहितदादाबद्दल बरंच येणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटेल की सगळं त्यानंच केलं.

आमचं गाव उमरीजवळ. रोहितदादानं मळ्यातल्या पत्र्याच्या खोलीत चॅनल सुरू केला होता. आयुष्यात कधी टॉकीजची पायरी न चढलेली बाई सिनेमा बघते आणि कॅमेरा तिचं तोंड बघतो, असा. मी नांदेडला बीएच्या दुसऱ्या वर्षाला. नातेवाइकांच्या लग्नांचे व्हिडिओ फोनवर कापून जोडायला शिकले होते. तो म्हणाला, "एडिटिंग तू कर. खाली तुझं नाव टाकू." खोलीत मोठा कॉम्प्युटर होता, त्याच्यासमोर गोल फिरणारी खुर्ची. त्या खुर्चीवर मी बसायची. माझं नाव पडद्यावर येणार, एवढ्यानं मी हुरळून गेले. मायला विकलं असं मी म्हणणार नाही. पण पोत्यावर बसवलं.

चहा यायचा. मला कपात, कारण मी कॉम्प्युटरवर बसणारी. मायला बाहेरच्या कोनाड्यातल्या स्टीलच्या पेल्यात, आणि पेला तिनंच धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. मी कपातला चहा प्यायले. चवीनं प्यायले.

पहिला सिनेमा भुताचा. माय एकदा दचकली. जोरात. पदर तोंडावर ओढला. मग पदर काढून शांतपणे म्हणाली, "भूत झाली ते दावलं. पर हिला मारलं कुनी ते कामून न्हाई दावत?" सिनेमा संपेपर्यंत ती तेच विचारत राहिली. घरी येतानाही विचारलं. तिला त्या बाईची काळजी लागली होती.

मी दचकणं ठेवलं. तीनदा लागोपाठ दाखवलं, मागे धाडकन आवाज टाकला. विचारलेलं कापलं.

दुसरा सिनेमा बाहेरच्या देशातला. बर्फ, मोठं घर, एकटा म्हातारा आणि त्याचं कुत्रं. माय म्हणाली, "एवढं घर आन बोलायला कुत्रं. ह्याच्यापरीस आपलं बरं मनावं, तर तसंबी न्हाई. आपल्याकडं मानसं हायेत, पर बोलतंय कोन." हे लांबलं, असं रोहितदादाला वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या सिनेमात एक मुका घेण्याचं दृश्य होतं, तेव्हा मायनं तोंडात पदर कोंबला होता. तेवढं ठेवलं. लोक पोट धरून हसले.

मग विनोदी सिनेमा. श्रीमंताच्या घरचा स्वयंपाकी, ज्याच्या डोक्यात घरातलं प्रत्येक माणूस ताट मारतं. रोहितदादा कॅमेऱ्यामागं हसत होता. मीही हसत होते, हात तोंडावर ठेवून. माय हसेना.

"मावशी, मजा नाही आली?"

"त्याच्या लेकरानं बघितलं तर?" माय म्हणाली.

मी हसायची थांबले. मला आमच्या मालकिणीचं अंगण आठवलं. मी पाच-सहा वर्षांची. माय ओंजळ धरून वाकलेली आणि मालकीण वरून तांब्यातलं पाणी ओतत होती. बोलता बोलता ओतत होती, तिचं लक्षही नव्हतं, निम्मं पाणी मायच्या लुगड्यावर. मी तेव्हा दुसरीकडं बघितलं होतं. बघितलं नाही असं दाखवलं होतं. मायला ते कळलं होतं की नाही, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारलं नव्हतं.

ते वाक्यही मी कापलं. माऊस दाबला आणि गेलं.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर नांदेडला सिनेमाला गेले. गरीब आईचा सिनेमा होता. आई भांडी घासते, मुलगी मोठी साहेबीण होते. मी ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या मैत्रिणीनं रुमाल दिला. बाहेर आल्यावर सगळ्या म्हणाल्या, तू किती हळवी आहेस. मला बरं वाटलं ते ऐकून. संध्याकाळच्या गाडीनं गावाकडं आले आणि मळ्यातल्या खोलीत जाऊन मायचं दचकणं आणखी एका व्हिडिओत चिकटवलं. पडद्यावरच्या आईसाठी डोळे सुजलेले आणि हात हे काम करत होते. आज हे लिहिताना मला स्वतःची किळस येते.

शेवटचा सिनेमा रोहितदादानं शोधून आणला. "ह्यावर ती रडणारच," तो म्हणाला. "रडण्याचा एकही नाही झाला अजून." सिनेमात मजूर बाईला मालक वाड्यासमोर मारतो आणि तिचं पोरगं बघत उभं असतं.

उन्हाळा. पत्र्याची खोली. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. माय पोत्यावर. ती हलली नाही, बोलली नाही. सिनेमा संपला तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"मावशी, रडू नाही आलं?"

माय म्हणाली, "आमाला हे म्हाईत हाय, मालक. आमी कशाला बगावं. हे तुमी बगा. घरात दावा. तुमच्या बापाला दावा."

रोहितदादा हसला. कॅमेरा बंद केला. मला म्हणाला, "शेवटचं काप. तोंड पुसते तेवढं ठेव, हळू कर, मागे म्युझिक टाक."

मायनं घाम पुसला होता. मी त्याचे अश्रू केले. रडकं म्युझिक लावलं. खाली माझं नाव आलं. तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला.

महिन्याभरानं मायचा गुडघा दाखवायला नांदेडला निघालो होतो. मुदखेडला गाडीची वाट बघत बाकावर बसलो. तीन पोरं आली. एकानं मायच्या मागं जाऊन कानाशी टाळी वाजवली. माय दचकली. दुसऱ्यानं फोनवर ते घेतलं. "तीच हाय रे, दचकणारी मावशी." हसत गेले.

माय त्यांच्याकडं बघत राहिली. म्हणाली, "मला वळखतेत. मनजे बगतेत लोक. कामून टाळी वाजवली पर?"

तोपर्यंत तिनं एकही व्हिडिओ बघितला नव्हता. मीच टाळत आले होते. गल्लीतल्या बायांना ती सांगायची, "म्या लई बोलले त्यात. त्या भुताच्या बाईचं बोलले, मालकालाबी बोलले." बाया गप्प बसायच्या. त्यांनी व्हिडिओ बघितले होते.

"दाव," माय म्हणाली.

मी फोन दिला. तिनं सगळे बघितले. एकामागून एक. दचकणं, पदर कोंबणं, परत दचकणं, घाम पुसणं. गाडी आली तरी ती बघत होती. शेवटी फोन मांडीवर ठेवून म्हणाली, "म्या एवढंच बोलले व्हय?"

मी फोन तिच्या मांडीवरून उचलला.

"तुमी बगा मनले, ते कुटं हाय?"

"कापलं."

"कुनी?"

रोहितदादाचं नाव जिभेवर आलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण मायचे डोळे माझ्यावर होते. "मी," म्हणाले.

ती गाडीत चढली, खिडकीशी बसली. नांदेड येईपर्यंत तिनं माझ्याकडं तोंड फिरवलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं मला.

चार दिवसांनी रोहितदादाचा निरोप आला. उद्या नवा सिनेमा, तिला घेऊन ये, जुनं लुगडं नेसव. मी एकटीच गेले.

"माय येणार नाही," मी म्हणाले.

"का? गावात कुणाला माहीत होती ती? मी फेमस केली." मग माझ्याकडं खालून वर बघून म्हणाला, "बरं, मग तू बस. पोतं आहेच."

पोतं भिंतीशी तसंच पडलं होतं. मायच्या बसण्यानं मधोमध दबलेलं. तोवर मला वाटत होतं की मी कॅमेऱ्याच्या ह्या बाजूची आहे. कप मला, खुर्ची मला, नाव मला. त्याला तसं कधीच वाटलं नव्हतं. त्याच्यासाठी त्या पोत्यावर आमच्या घरातलं कुणीही चाललं असतं.

मी पोतं उचललं आणि बाहेर उकिरड्यावर टाकलं. परत आत येऊन म्हणाले, "आमच्यातलं कुणी इथं बसणार नाही. शेवटच्या सिनेमाचं आख्खं बोलणं माझ्या फोनमध्ये आहे. ते मी टाकणार. माझ्या नावानं."

"मग मळ्यातलं काम बंद. सांग तिला."

सांगितलं. माय म्हणाली, "बंद तर बंद." आता ती पलीकडच्या शिवारात खुरपायला जाते. तिथं जायला दुप्पट चालावं लागतं, त्याच गुडघ्यानं. तेही माझ्याच खात्यावर आहे.

आणखी एक सांगायचं राहिलं. शेवटचं तेवढं पुसायच्या आधी मी फोनवर उतरवून घेतलं होतं, बाकीचं कापलेलं माझ्याकडं नाही. जागा पुरत नाही म्हणून दर वेळी मी ते पुसून टाकत होते. भुताच्या बाईबद्दलचं, म्हाताऱ्याबद्दलचं, लेकराबद्दलचं मायचं बोलणं आता फक्त माझ्या आठवणीत आहे. म्हणून वहीत लिहायला घेतलं. रोज संध्याकाळी मायला वाचून दाखवते. ती खुर्चीवर बसून ऐकते. मध्येच थांबवते. "म्या असं न्हाई मनले. नीट लिही." मी खोडते, परत लिहिते.

तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलेली नाही, मागायला तोंडही नाही. शेवटचा व्हिडिओ टाकायला तिनं एकच अट घातली. "आदी तुझं तोंड दाव. कापनारी तू हायेस मनून सांग. मग माझं."

काल फोन भिंतीला टेकवून मी समोर बसले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पोतं कुणी अंथरलं ते सांगितलं. मग मायचं सुरू होतं. पंखा बंद, घाम, ती गप्प बसते ते सगळं, आणि शेवटी तिचं "हे तुमी बगा". कुठंही काही कापलेलं नाही. आज संध्याकाळी टाकते आहे. सगळ्यात आधी रोहितदादाच्या घरी पाठवणार आहे, त्याच्या वडलांच्या फोनवर.