काटा खाली आला तेव्हा

देवीच्या कृपेचे अनुभव लोक लिहितात तेव्हा शेवटी सगळं नीट झालेलं असतं. माझं तसं झालं नाही, म्हणून हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडून बसले होते. कृपा झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मला ती जिथे दिसली तिथे ती नव्हती, आणि जिथे होती तिथे मी तिचं ऐकलं नाही. ते माझ्या सासूबाईंना भोवलं.

आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. हृदय अशक्त झालेलं, गुडघे कामातून गेलेले, पण एक इच्छा धरून बसल्या होत्या. एकदा सप्तशृंग गडावर जाऊन स्वतःच्या हातानं देवीची ओटी भरायची. एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते. म्हणून तर मी पन्नाशीत गाडी चालवायला शिकले आणि इंदिरानगरातल्याच एका ओळखीच्या माणसाकडून जुनी गाडी घेतली. "तो तापमानाचा लाल दिवा अधूनमधून लागतो, सेन्सरचा घोळ आहे, लक्ष देऊ नका," असं गाडी विकताना त्या माणसानं सांगितलं. लक्ष न देण्यात मी तशीही पटाईत. शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्यानं मात्र बोनेट उघडून बजावलं होतं, "मॅडम, कूलंट कुठंतरी गळतंय. दिवा खोटं बोलत नाही. दोन दिवस गाडी ठेवून जा." दोन दिवस! आमचं मंगळवारी गडावर जायचं ठरलेलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या त्या कूलंटच्या जागी मी नळाचं पाणी भरून घेतलं आणि निघाले.

आमच्या घरात एक रीत आहे. देवीची ओटी घेऊन उंबरा ओलांडला की गड येईपर्यंत वाटेत कुठे थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनीच ती मला शिकवली. त्या दिवशी खण, नारळ, तांदूळ असलेली पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. चैत्रातलं ऊन. दिंडोरी मागे पडली आणि दिवा लागला. तापमानाचा काटा वर वर चढायला लागला. आत्याबाईंना गाडीतलं काही कळत नव्हतं, पण लाल रंग कळत होता. वणीत शिरताना रस्त्यालगत एक गॅरेज दिसलं तशा त्या म्हणाल्या, "अगं, थांबव ना जरा. दाखवू त्याला." मी त्यांची रीत त्यांनाच ऐकवली. "ओटी घेऊन थांबायचं नसतं, तुम्हीच सांगता ना?" वर हसलेसुद्धा.

मी मोठ्यानं देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली. आई, गडापर्यंत ने, एवढंच मागत होते. आणि नांदुरीच्या अलीकडे तो दिवा खरोखर विझला. काटा सरसर खाली आला आणि पार तळाला टेकला. माझ्या अंगावर काटा आला, डोळे भरून आले. "बघितलंत आत्याबाई? देवीनं ऐकलं!" असं मी म्हणाले तो आनंद मला आजही आठवतो आणि आठवला की मान खाली जाते. गाडीत जळका वास येत होता, आत्याबाईंनी पदर नाकाला लावला.

घाटात दोन-चार वळणं चढलो असू. गाडीची ओढ गेली, आतून खडखड झाली आणि ती बंदच पडली. एसी त्याआधीच गेला होता. आत्याबाईंना दरदरून घाम सुटला. गाड्या बाजूनं जात होत्या, कुणी थांबेना. आत्ताच तर ऐकलंस, मग हे काय, असा देवीचा रागही आला मला. तेवढ्यात गडावरच्या दुकानांसाठी नारळ घेऊन चाललेला एक पिकअप थांबला. चालवणारा चाळिशीचा, सटाण्याकडचा. उतरला तो आधी आमच्या चाकामागे दगड लावला. मी घाईनं रेडिएटरचं झाकण उघडायला गेले तर ओरडलाच, "ओ ताई, हात नका लावू! वाफ तोंडावर येईल." मग वाकून बघितलं. पाण्याचा पाइप फाटला होता.

मी त्याला सांगत होते की दिवा तर विझला होता, काटाही खाली आला होता. तो म्हणाला, "काटा खाली आला म्हंजे गाडी थंड झाली असं नसतं, ताई. पाणी असलं तर काटा सांगतो किती तापलं. पाणीच नाय ऱ्हायलं तर तो काय सांगणार?" आणि जरा थांबून, "दिवा लागला तिथंच थांबल्या असत्या तर पाइप बदलून अर्ध्या तासात निघाल्या असत्या. आता वर असत्या." त्याच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं.

मग त्यानं आत्याबाईंकडे पाहिलं. "माय, काय होतंय?" त्यांनी छातीवर हात ठेवला. पुढे त्यानं काही विचारलं नाही. त्यांना उचलून केबिनमध्ये बसवलं आणि भरला पिकअप घाटातच वळवायला घेतला. लिहायला लाज वाटते, पण मी तेव्हा म्हणाले, "अहो, ओटी आहे सोबत. मागे नाही फिरता येत." तो म्हणाला, "देवी कुठं जात नाय, ताई. ती तिथंच हाय." आतून आत्याबाई म्हणाल्या, "बस गं मुकाट्यानं."

वणीच्या दवाखान्यात त्यांना ऑक्सिजन लावला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या डोळे उघडेपर्यंत तो माणूस नारळांची गाडी उभी करून बाहेर बसला होता. आत्याबाईंनी ती पिशवी त्याच्याकडे दिली. "तू वर जातोसच. माझी ओटी पोचव, बाबा." त्यानं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

ओटी पोचली. आत्याबाई नाही पोचल्या. डॉक्टरांनी त्यांना घाट चढणं कायमचं बंद केलं. आत्याबाईंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. एकदा मीच रडून माफी मागितली तेव्हा माझे हात धरून म्हणाल्या, "रीत माझीच होती ना? मग ती मोडते म्हणणारी मीच होते. माझं ऐकायचंस." पौषात त्या गेल्या.

ते मधले महिने देवीनं दिले, त्या माणसाच्या हातानं दिले, यासाठी मी रोज हात जोडते. पण ज्याला मी श्रद्धा म्हणत होते तो माझा हट्ट होता. देवी उत्तर देत होती, गॅरेजवाल्याच्या तोंडून आणि शेजारी बसलेल्या म्हातारीच्या तोंडूनही. मला आवडेल तेवढंच मी तिचं मानलं. शरण जाणं म्हणजे पुढे जात राहणं नव्हे. थांब म्हटल्यावर थांबणं म्हणजे शरण जाणं, हे मला फार महागात पडून कळलं.

परवा एकटीच एसटीनं गडावर गेले. ओटी पुढे केली तेव्हा पुजाऱ्यांनी विचारलं, "कोणाच्या नावानं?" मी आत्याबाईंचं नाव सांगितलं. "त्या आल्या नाहीत?" त्यांनी सहज विचारलं.

"येत होत्या," मी म्हणाले. "मी आणलं नाही."