बारवेवर गोधड्या वाळत घातल्या!

मंडळी, आत्ताच बारवेवरून आले. हात भरून आलेत, पण लिहिल्याशिवाय राहवेना!

सोनईकडच्या आमच्या गावातली जुनी दगडी बारव बघायला परवा एक बाई आल्या आणि त्यांची सोनसाखळी कुणीतरी हिसकावून नेली. लगेच पाटी लागली, 'एकटे जाऊ नये.' असा राग आला मला!

दुष्काळाच्या आदल्या वर्षी, एकाहत्तरला, मी नवी सून होते. तेव्हाही बारवेत झुडपं माजलेली आणि आत हातभट्टी. बायका तिकडं फिरकत नसत. घटस्थापनेआधी गोधड्या धुवायच्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "बारव आपली हाय. भ्यायचं त्यांनी, आपुन न्हाई." सगळी आळी गोधड्या घेऊन बारवेत उतरली. दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यांनी पिंपं उचलली!

आज आम्ही अकराजणी गेलो. झुडपं तोडली, गोधड्या धुतल्या, काठावर पसरल्या. तिथं पत्ते कुटत बसलेले चौघे पत्ते गोळा करून उठून गेले! माझी सून म्हणाली, "आत्या, उद्या परत यायचं?"

"व्हय! जाड गोधडी एका दिवसात वाळती व्हय?"

तुमच्याही गावात 'जाऊ नका' म्हणतात अशी जागा असेलच. मग कधी जाताय?