डेककाकांच्या गाण्यातलं पाणी

डेककाकांनी आयुष्यात कुणाला एक लिंक पाठवली नाही. गाणं ऐकवावंसं वाटलं की ते कपाटातून कॅसेट काढायचे, डेकमध्ये घालायचे, स्पीकरपुढे मोबाइल धरायचे आणि अख्खं गाणं श्वास रोखून रेकॉर्ड करून आमच्या ग्रुपवर टाकायचे. "लिंक पाठवायची म्हंजे पाहुण्याला जेवायला बोलवायचं अन् हाटेलचा पत्ता हातात द्यायचा," असं त्यांचं म्हणणं होतं.

श्वास मात्र एकटे काकाच रोखायचे. घराला त्याची काही फिकीर नसायची. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या त्या चकचकीत पॉप गाण्यांमध्ये आम्हाला कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाला आणि मुख्य म्हणजे काकू ऐकू यायच्या. काकूंचं माहेर कन्नड तालुक्यातलं, घाटमाथ्यावरचं, आणि आवाज घाट उतरून जाईल असा. कुणी परदेशी बाई इंग्रजीत प्रेमासाठी व्याकूळ झालेली असायची आणि मधेच ऐकू यायचं, "आवो, दूध उतू चाललं!" काका ते पुन्हा रेकॉर्ड करत नसत. गाणं जसं वाजलं तसंच जायला हवं, हा त्यांचा कायदा.

आमचा ग्रुप सिडको वसाहतीतल्या एन-सहा भागातल्या वीस-पंचवीस शेजाऱ्यांचा. त्यावर दोनच गोष्टी चालायच्या, जुनी गाणी आणि भांडणं. वाळूजच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले काका दोन्हींत आघाडीवर. राज्य कुणाचंही येवो, काका विरोधी पक्षात. निकालाच्या दिवशी दुपारपर्यंत ते वाट पाहायचे आणि कोण जिंकलं ते कळलं की त्याच्या विरोधात जायचे. मी शेंद्र्याला एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघतो, म्हणून तंत्रज्ञानाच्या वतीनं मार खायला ते मला धरायचे. पण भांडण मिटलं की ज्याला झोडपलं त्याच्या नावानं गाणं यायचं. जेवढं जास्त बोललेले असत, तेवढं गाणं लांब. मला एकदा अकरा मिनिटांचं डिस्को आलं होतं, त्यावरून समजून घ्या.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि कधी येईल ते नळालाही माहीत नसतं. काकूंचा मात्र एक कान कायम नळाला लावलेला. गाणं रंगात आलं असताना त्या ओरडायच्या, "पाणी आलं! मोटर लावा!" मग काकांच्या चपला फटक-फटक करत अंगणाकडे जायच्या आणि मागं गाणं बिचारं एकटंच वाजत राहायचं. ज्यांना पॉप संगीत म्हणजे डोक्याला ताप वाटायचा, तेसुद्धा काकांचं गाणं आलं की आधी ऐकायचे. अर्ध्या वसाहतीच्या टाक्या त्या गाण्यांवर भरत होत्या. आमच्या गल्लीतले भाले पार शहराबाहेर बजाजनगरला राहायला गेले, तिथं पाण्याचा वार वेगळा, पण ग्रुप सोडवेना. एकदा काकूंची आरोळी ऐकून त्यांनी सवयीनं तिकडंच मोटर लावली आणि कोरडी फिरवून जाळली. काकांनी त्यांच्या नावानं लगेच एक लांबलचक गाणं पाठवलं.

आमचं सगळ्यात जुनं भांडण साठवणीवरून. काका गाणं पाठवलं की आपल्या मोबाइलमधून पुसून टाकत. माझ्याकडे मात्र आलेली प्रत्येक गोष्ट आपोआप साठत जाते. "तुझा फोन हाय का कचराकुंडी?" ते विचारायचे. "कॅसेट हाय माझ्याजवळ, पुन्हा वाजवीन. साठवायची गरज काय?" मी नेट, जागा, स्वस्ताई असलं बरंच सांगून पाहिलं. ते ऐकायचे आणि मग मला गाणं पाठवायचे.

मागच्या वर्षाच्या शेवटी काकूंच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करून आवाजाची पेटीच काढावी लागली. जीव वाचला, आवाज गेला. तीन महिने ग्रुपवर गाणं आलं नाही. राजकारणावर कुणी मुद्दाम काडी टाकून पाहिली, तरी काका गप्प. पाणी यायचं आणि जायचं, आम्हाला पत्ता लागायचा नाही. पण रिकाम्या टाकीपेक्षा तो गप्पपणा जास्त जाचत होता.

मग एक दिवस मला एकट्याला मेसेज आला, "तुझ्या कचराकुंडीत आमची गाणी सापडतील का रे?"

मी सगळी घेऊन गेलो. दोघं समोर बसली होती. काकूंच्या हातात वही आणि पेन. मी उत्साहाच्या भरात बोलून गेलो, "काका, आता एवढ्या आवाजावरून मशीन काकूंच्या आवाजात कुठलंही वाक्य तयार करून देतं."

तीन महिने गप्प असलेले काका उसळले. "जे ती बोलली नाय, ते तिच्या तोंडी घालायचं? चाळीस वर्षांत मला जमलं नाय, ते तुझ्या मशीनला जमू देऊ व्हय?"

काकूंनी वहीत लिहिलं, 'यांचं बरोबर आहे.' काकांनी ते दोनदा वाचलं, पान फाडलं आणि घडी करून खिशात ठेवलं. असलं काही लेखी मिळण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

मग काकूंनी सगळी गाणी ऐकून आपलीच वाक्यं निवडली. दूध उतू चाललं, दारावर कुणी आलंय, पाणी आलं, अशी तीन काकांदेखत. चौथ्या वाक्याच्या वेळी त्यांनी काकांना खूण करून अंगणात पिटाळलं. दाबलं की वाक्य वाजेल अशी चार बटणं मी काकूंच्या मोबाइलवर बसवून दिली. आजूबाजूचं गाणं तसंच ठेवलं, ते कापायला मन होईना.

त्याच दिवशी, मी निघताना, काकांनी मला नव्या पाइपलाइनच्या आश्वासनांवर धरलं. चांगला अर्धा तास बोलले. एवढ्यात स्वयंपाकघरातून माझ्या त्या अकरा मिनिटांच्या डिस्कोतल्या ढोलांचा कडकडाट आला आणि त्यामागून काकू, "बास करा आता! जाऊ द्या त्याला!"

काका तोंड उघडं ठेवून तसेच थांबले. मग डोळे पुसत मला म्हणाले, "रेकॉर्डिंग लई झकास झालंय ते."

परवा ग्रुपवर तीन महिन्यांनंतर पहिलं गाणं पडलं. कॅसेट, डेक, कुकर, सगळं जसंच्या तसं. दुसरं कडवं सुरू झालं आणि त्या गाण्यात भलतंच एक गाणं घुसलं, त्यात काकू: "पाणी आलं! मोटर लावा!" कुणीतरी लिहिलं, काका, जुनं चुकून टाकलं का? काकांचं उत्तर आलं, "आवाज जुना हाय. पाणी आत्ताचं. पळा!"

मी पळालो. नळ सोडला तर पाणी खरंच आलेलं. मोटर लावली आणि टाकीजवळ उभा राहून, गाण्यात काकांच्या चपला अंगणाकडे जाईपर्यंत ते ऐकत राहिलो. रडू आलं, ते कशाला लपवू?

थोड्या वेळानं बजाजनगरहून भालेंचा मेसेज आला, "मी पण लावली."