यादीतून गळलेली पहिलटकरीण

बदललेलं सॉफ्टवेअर जुन्या चाचण्यांतून पुन्हा काढायचं आणि कुठे काय बिघडलं ते शोधायचं, हे माझं काम. भोरमधल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही गरोदर बायकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर सांभाळायचो. जोखमीच्या बायकांची यादी रोज सकाळी गावोगावच्या आशाताईंच्या मोबाईलवर जायची. यादीत नाव दिसलं की ताई घरी जाऊन बीपी बघायच्या.

सात बदल केलेली नवी आवृत्ती मी सोमवारी पास केली आणि ताईंच्या याद्या तिच्यातूनच जाऊ लागल्या. शुक्रवारी, जुनी बंद करण्याआधी, दोन्हींच्या भोर तालुक्याच्या याद्या शेजारी ठेवल्या. नवीत एक नाव कमी होतं. पहिलटकरीण, आठवा महिना, बीपी वाढलेलं, गाव भोंगवली.

भोंगवलीच्या ताईंना फोन लावला.

"ती व्हय? ती मंगळवारीच म्हायेरी गेली, हिर्डोशीला. म्या मोबाईलात गाव बदलून दिलं की. आता तिकडची ताई बगंल."

हिर्डोशीच्या ताई म्हणाल्या, "माज्याकडं न्हाई आलं नाव. तुमच्या मशीनलाच इचारा."

"चूक आमचीच आहे. आत्ता जाता का?"

"वरच्या वस्तीला ऱ्हाती ती. अर्धा तास चालायचं. निगते."

तो अर्धा तास नुसतं बसणं शक्य नव्हतं. सातातले चार बदल काढून यादी पुन्हा चालवली. नाव आलं नाही. म्हणजे दोष उरलेल्या तीन बदलांत. मग एकेक काढला. दुसरा काढला आणि नाव परत आलं. एका बाईची दोन गावांत नोंद नको म्हणून तो बदल केला होता. गाव बदललं की जुनी नोंद लगेच पुसली जायची, नवी मात्र कुणी मंजूर करेपर्यंत अडकून राहायची. माझ्या चाचण्यांतली एकही बाई बाळंतपणाला माहेरी जात नव्हती. मी स्वतः पहिल्या वेळी गेले होते, तरी सुचलं नाही.

फोन वाजला. "पाय सुजल्यात, डोकं लई दुकतंय म्हनती. जीपमदी बसवलीय. डॉक्टरांना सांगून ठेवा."

सांगितलं. मग शेजारच्या वेल्हे तालुक्याची यादी तशीच ताडून पाहिली. दोन नावं कमी. एका गावच्या ताईंनी फोन उचलला. दुसऱ्या गावात रेंजच नव्हती. मी स्कूटीची किल्ली घेतली. हिर्डोशीची दवाखान्यात पोचल्याचा फोन वाटेत आला. तो ऐकला आणि पुढे निघाले. अजून पंधरा किलोमीटर जायचं होतं.