अक्कांनी दिलेली परीक्षा

बावन्नाव्या वर्षी मी मोटार शिकायला निघाले. नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, गाडी दारात नुसती धूळ खात उभी. मल्लेश्वरममध्ये आमच्या मागच्याच रस्त्यावर एक बाई ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या इथंच गेलेल्या. बोलण्यात निम्मं कन्नड. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी चिक्कोडीकडची, दोन्ही भाषा ऐकत वाढलेली, त्यामुळे आमचं लगेच जमलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की लायसन्सची परीक्षा स्वतः द्यावी लागेल. पूर्वी तसं नव्हतं. एजंट कागद घेऊन जायचा आणि माणूस ट्रॅकवर चाक न फिरवताच पास व्हायचा. आता आमच्या भागाच्या परिवहन कार्यालयात नवे साहेब आले होते. त्यांनी नागरिकांच्या एका संस्थेला आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना एकत्र बोलावलं. ठरलं असं, की परीक्षेच्या वेळी संस्थेची माणसं ट्रॅकच्या कडेला बसतील, निकाल कारणासकट तिथंच मोठ्यानं सांगितला जाईल आणि स्कूलवाले एजंटाच्या हाती एकही कागद देणार नाहीत. बैठकीला आलेल्यांपैकी निम्म्यांनीच सह्या केल्या. पहिली सही अक्कांची.

त्या सहीनं त्यांचे विद्यार्थी गळाले. कॉलेजची मुलं सरळ पलीकडच्या स्कूलमध्ये गेली, कारण तिथं जुनी सोय चालू होती. अक्कांच्या दोन गाड्यांपैकी एक बरेच दिवस फाटकाआडच राहिली.

मी पहिल्या खेपेला नापास झाले. रिव्हर्स घेताना खांब पाडला. साहेबांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं आणि कडेला बसलेल्या संस्थेच्या निवृत्त मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. माझे कान तापले. संध्याकाळी अक्कांकडे गेले आणि आडून आडून विचारलं, जुन्या वाटेनं काही होईल का. जन्मभर लाचखाऊंना नावं ठेवणारी मी, एका खांबापायी तयार झाले होते.

अक्का रागावल्या नाहीत. कॉफीचा पेला पुढं सरकवत म्हणाल्या, "माझं लायसन्स तसंच आलंय. पंचवीस वर्षं झाली. मी ट्रॅक बघितलाच नव्हता."

मी पेला उचलला. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "आणि मी लोकांना शिकवते."

पुढच्या खेपेला आम्ही सात जण ट्रॅकवर गेलो, तर अक्का आमच्या आधी साहेबांसमोर उभ्या. आधी माझी परीक्षा घ्या, असं त्यांनी सांगितलं. साहेब चक्रावले. तुमच्याकडे लायसन्स आहे, हे नियमात बसत नाही, म्हणाले. अक्कांनी उत्तर दिलं, की मला कागद नको, फक्त निकाल इतरांसारखा मोठ्यानं सांगा. साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी वही उघडली.

अक्कांनी गाडी सुरेख चालवली. चढावर थांबवून पुन्हा उचलली, तेव्हा ती तसूभरही मागं आली नाही. पण शेवटच्या रिव्हर्सला डाव्या खांबाला हलकेच टेकली. खांब पडला नाही, नुसता डुलला. पलीकडच्या स्कूलचे मालकही कडेला उभे राहून बघत होते. साहेबांना काणाडोळा करता आला असता. त्यांनी घसा साफ केला.

"खांबाला स्पर्श. नापास."

अक्का उतरल्या. साहेबांना "सरी, बरोबर आहे" म्हणून आमच्याकडे आल्या. चेहरा लाल झालेला, पण आवाज रोजचाच. "डावा आरसा बघायला मी स्वल्प उशीर केला. तुम्ही करू नका."

माझा नंबर तिसरा होता. मी डावा आरसा सोडला नाही. पास झाले. सातांतले चार जण त्या दिवशी पास झालो, आणि पंधरवड्यानं अक्काही. त्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत साहेबही होते.

पलीकडचे मालक पुढं महिन्याभरात सही करून गेले. सगळं सुधारलं असं मी म्हणणार नाही; कार्यालयाबाहेर दोन एजंट अजून घुटमळत असतात. साहेबांची बदलीही झाली. पण संस्थेच्या माणसांच्या खुर्च्या ट्रॅकच्या कडेला तशाच आहेत, नव्या साहेबांनी त्या हलवल्या नाहीत. अक्कांच्या दोन्ही गाड्या आता सकाळपासून रस्त्यावर असतात. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकदा ट्रॅकवर नेतात आणि आपण कुठं नापास झालो ती जागा दाखवतात.