पिकअपची मोठी टाकी आणि जिता माल

ती टाकी आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि निवृत्त झाल्यावर लोक तेच विचारतात. पण माझ्या डोक्यात अधूनमधून घोळते ती एका पिकअपला खालून बसवलेली डिझेलची टाकी. कुणाचं नाव मी घेणार नाही. माणसं अजून इथलीच आहेत.

तेव्हा मी जालन्यात एका ठाण्याचा प्रभारी होतो. एमआयडीसीत भंगार घेऊन येणारे ट्रक गाडी खाली व्हायचा नंबर लागेपर्यंत बाहेरच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर थांबत. ड्रायव्हर दुपारी जेवून आडवे झाले, की त्यांच्या टाक्यांतलं डिझेल गायब होई. तक्रारींनी आमचं डोकं उठवलं होतं. नंबर किंवा खूण असलेल्या वस्तूचा चोर सापडतो हो, पण डिझेलला ना नंबर ना खूण. धरायचं कसं?

अशात त्या ढाब्याचा राखणदार स्वतःहून ठाण्यात आला. म्हणाला, "सायेब, जाफराबादकडची एक पिकअप हे. तिला ट्रकाएवढी टाकी बसवून घेतली. पांढऱ्या गोण्या भरून येते, अन् ट्रकाच्या आडोशाला उभी राह्यते. मंग तुम्हीच समजून घ्या."

खबर वजनदार होती. पिकअपला एवढी टाकी कशाला लागते? दुसऱ्याचं डिझेल ठेवायलाच ना? मी नाकाबंदी लावली आणि दुपार कलता कलता गाडी सापडली. चालक तिशीतला, सडपातळ, डोक्याला रुमाल. गाडीखाली वाकून पाहिलं तर खबर तंतोतंत खरी! जुन्या ट्रकची टाकी कापून, जोडून, पट्ट्यांनी चेसिसला आवळलेली. वेल्डिंग मात्र असं सुबक, की आमचे हवालदार नको तिथं बोलून गेले, "काम एक नंबर केलंय!"

केबिनमध्ये खुणा पाडलेली एक वेळूची काठी मिळाली. तिला डिझेलचा वास. झालं, मला वाटलं, हत्यारही सापडलं. दुसऱ्याच्या टाकीत किती आहे ते हा या काठीनं बघत असणार.

ठाण्यात आणून बसवला. चौकशीत माणूस दोन प्रकारे वागतो. खोटा असेल तर आधी भरपूर बोलतो, खरा असेल तर चिडतो. हा दोन्ही करेना. सारखा खिडकीतून आवारातल्या गाडीकडे बघत होता.

"टाकी कुणी बसवली?"

त्यानं डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"काठी कशाला?"

"टाकी बदलली तव्हापासून काटा खोटं बोलतो, सायेब. काठी टाकून बघावं लागतं, किती उरलं ते."

"आणि एवढी टाकी कशाला?"

"लांब जातो."

"अरे, लांब सगळेच जातात! पंप काय कमी आहेत रस्त्यात?"

त्यावर तो एकदम उठून उभा राहिला. हवालदारांनी खांदा धरला तर हात जोडून म्हणाला, "सायेब, मला कोठडीत टाका. टाकी कापून न्या. पण जल्दी त्या गोण्या उतरवू द्या. माल जिता हे."

जिता माल? मी चमकलो. गोण्यांत कोंबड्या भरल्यात की काय याच्या? खुर्ची सोडून बाहेर गेलो. जाळीदार गोण्यांत पांढरेशुभ्र, बोटाच्या पेराएवढे रेशमाचे कोष. एक हातात घेऊन कानाशी हलवला, तर आत खुळखुळ वाजलं. आत किडा होता आणि जिवंत होता.

तेव्हा कुठे चालकाची जीभ सुटली. गावातल्या रेशीमवाल्यांचा माल तो कर्नाटकातल्या बाजारात नेई. यावेळी त्याच्या घरचं पहिलंच पीक त्यात होतं. बायकोनं किड्यांसाठी तुतीचा पाला तोडून तोडून हाताची सालं काढून घेतली होती. कोष रचलेली गाडी धावती असली की वारा खेळतो. उभी राहिली की आतला किडा घामेजतो, गोण्या तापतात. किडा मेला की कोषाला डाग पडतो, आणि डागी माल व्यापारी हातात धरत नाही.

"एकदा पंपावर रांग लागल्ती. तिथंच माल गेला," तो म्हणाला. "मंग मेव्हण्याला म्हणलं, अशी टाकी कर की मधी थांबायचं कामच न्हाई. त्याचं नाव नका घेऊ, सायेब. त्यानं माझ्यासाठी केलं."

गोष्ट पटण्यासारखी होती. पण पटण्यासारख्या गोष्टी ऐकून आरोपी सोडायला लागलो असतो, तर ठाण्याला कुलूपच लावावं लागलं असतं. मी मधल्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब लागत होती, चांगलीच. गाडी येऊन फार वेळही झाला नव्हता.

माल लिंबाच्या सावलीत उतरवायला सांगितला. सतरंज्या आल्या, ताडपत्र्या आल्या. पोलिसांनी आवारभर कोष पसरले. ठाण्यात तक्रार द्यायला आलेली एक म्हातारी आपली तक्रार विसरून कोष उलटेपालटे करायला बसली. दोन गोण्या मी मुद्दाम गाडीतच ठेवल्या आणि जबाब नोंदवायचा म्हणून राखणदाराला बोलावणं धाडलं.

तो ऐटीत आला. त्याचं म्हणणं एकदा नीट वदवून घेतलं. "गाडी रिकामी असायची की भरलेली?"

"बराबर भरलेली. ताडपत्री गच्च बांधलेली. दोन-दोन तास उन्हात उभी राह्यची. मी डोळ्यानं पाह्यलं."

चालक ताडकन म्हणाला, "भरल्या गाडीवर ताडपत्री म्या कधीच आवळत न्हाई. वारा कुठून लागंल? ढाब्यावर मी थांबल्तो, पण रिकामा येताना, चहाला. तव्हा ह्यालाच टाकी दाखवली, कौतुकानं!"

मी राखणदाराला गाडीपाशी नेलं. "घाल हात गोणीत."

त्यानं घातला आणि झटकन काढला. "गरम लागून राह्यलं, सायेब."

"गाडीला इथं येऊन दोन तास झालेले नाहीत, तर ही गत आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे हा बुवा दरवेळी शिजलेला माल घेऊन कर्नाटकात जात होता काय?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तरी थोडा वेळ त्यानं इकडचं तिकडचं सांगून पाहिलं. शेवटी ढाब्यामागच्या कडब्याच्या गंजीकडे आम्हाला त्यानंच नेलं. कडब्याखाली डिझेलचे कॅन निघाले, रबरी नळीही निघाली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी लेखी नोंदवून घेतल्या होत्या.

चालकाला जाऊ दिलं. विनापरवानगी टाकी बदलल्याचा अहवाल मात्र आरटीओला पाठवला, तो पाठवणं भाग होतं. पुढे त्याला टाकी काढावी लागली. त्याचं मला वाईट वाटलं. पण डिझेलनं भरलेली अशी घरगुती टाकी रस्त्यावर फुटली असती, तर त्याच्यासकट गेली असती. हे मी त्याला समजावलं तेव्हा त्यानं मान हलवली, लक्ष मात्र गोण्या चढवण्याकडे होतं. चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवून तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. मधल्या गोण्यांतला थोडा माल डागी निघाला, बाकी वाचला, बायकोचा सगळा वाचला.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. संशयाची वस्तू समोर आली, की 'ही कुणाची, कुठून आली' याच्या आधी 'ही नसती तर या माणसाचं काय अडलं असतं' हे विचारायचं. कितीतरी गुन्हे त्या एका प्रश्नानं सुटले, आणि कितीतरी माणसंही.

आवारातला एक कोष मी नमुना म्हणून टेबलाच्या खणात टाकला होता. टाकला आणि विसरलो. काही दिवसांनी शिक्का काढायला खण उघडला, तर कोषाला भोक पडलेलं आणि शाईच्या पॅडवर एक गुबगुबीत पांढरं पाखरू बसलेलं. पंख फडफडवत होतं, उडत मात्र नव्हतं. सगळं ठाणं ते बघायला माझ्या खोलीत गोळा झालं.

मला राहवलं नाही. मी त्या चालकाला फोन लावून सांगितलं. तो खो खो हसला.

"मंग, सायेब? मी काय म्हणून राह्यलो होतो? माल जिता हे."